सप्रेम भेटीचे अर्थकारण

पदपथावरील जुन्या पुस्तकांचा ढीग चाळणाऱ्याला एक अनुभव हमखास येतो. एखादे मराठी पुस्तक हाती लागते, त्याचे वेष्टन कोरे करकरीत असते, आतली पाने कोणी उलटल्याची खूण नसते, आणि पहिल्या पानावर मात्र निळ्या शाईत लिहिलेले असते : 'यांस सप्रेम भेट'. खाली लेखकाची स्वाक्षरी आणि तारीख. ज्यांना ती भेट दिली ते गृहस्थ बहुधा प्रतिष्ठित असतात. कोणी प्राध्यापक, कोणी संस्थेचे अध्यक्ष, कोणी नुसतेच स्नेही. त्यांनी पुस्तक वाचले नाही, ठेवलेही नाही, आणि घर आवरताना ते रद्दीवाल्याच्या तराजूत घातले. या दृश्यावर विनोदी लेख पुष्कळ लिहिता येतील. परंतु अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर त्यात मराठी ग्रंथव्यवहाराचे एक जुने दुखणे उघडे पडते. मराठी पुस्तके भेट म्हणून दिली जात नाहीत असे नाही. पण त्यांचा सर्वांत मोठा दाता स्वत: लेखकच असतो.

प्रकाशकाकडून करारानुसार मिळालेल्या लेखक-प्रती पहिल्या आठवड्यातच संपतात. मग सवलतीच्या दराने आणखी प्रती विकत घेतल्या जातात व त्याही वाटल्या जातात. ज्याने स्वखर्चाने पुस्तक काढले आहे, आणि कवितासंग्रह, आठवणी, प्रवासवर्णने यांच्या बाबतीत असे लेखक थोडेथोडके नाहीत, त्याच्या घरी तर पलंगाखाली गठ्ठेच असतात. पाचशे प्रतींच्या आवृत्तीतल्या शंभर प्रती अशा वाटण्यात गेल्या म्हणजे केवळ शंभर प्रतींचा छपाईखर्च बुडाला असे नव्हे. जी शंभर माणसे लेखकावरील लोभापोटी ते पुस्तक विकत घेण्याची शक्यता होती, नेमकी तीच गिऱ्हाइकांच्या यादीतून वगळली गेली. शिवाय, अमक्याचे पुस्तक आपल्याला फुकटच मिळायचे, ही अपेक्षा पुढच्या पुस्तकासाठीही कायम झाली. लेखकाने स्वत:च्या हाताने स्वत:चा बाजार मोडावा, असे उदाहरण दुसऱ्या कोणत्या धंद्यात सहसा सापडणार नाही.

दिवाळीच्या तोंडावर या गोष्टीचा विचार विशेष अगत्याचा ठरतो. मध्यमवर्गीय मराठी कुटुंब वर्षातून याच एका वेळी, दुसऱ्यासाठी काही विकत घ्यायचे असा निश्चय करून आणि त्यासाठी पैसे बाजूला काढून बाजारात उतरते. १९६५ च्या बोनस कायद्याने, त्यात घातलेल्या मर्यादांच्या आत, किमान ८.३३ टक्के बोनस ठरवून दिला. म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, तेराव्या महिन्याचा पगारच म्हणा. तो दिवाळीपूर्वी हाती पडावा असा रिवाज बहुतेक ठिकाणी पडून गेला. या पैशातला आपापला वाटा कापडवाल्याने, भांडीवाल्याने, हलवायाने आणि अलीकडे सुक्या मेव्याचे चकचकीत डबे विकणाऱ्याने बरोबर उचलला. पुस्तकाचा वाटा नगण्य राहिला.

यावर कोणी म्हणेल की, दिवाळी आणि साहित्य यांचे नाते महाराष्ट्राइतके घट्ट दुसरीकडे क्वचितच आढळेल. ते खरे आहे. का. र. मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून फराळाच्या ताटाशेजारी छापील मजकूर असलाच पाहिजे ही समजूत पिढ्यान् पिढ्या टिकली. आजही दरवर्षी शेकड्यांनी अंक निघतात. परंतु दिवाळी अंक प्राय: स्वत:च्या घरासाठी घेतला जातो किंवा वाचनालयाच्या योजनेतून फिरत येतो, तो दुसऱ्याला देण्याची वस्तू त्यामानाने कमी प्रमाणात झाला. दुसरे असे की, दिवाळी अंकाला मुदत असते. तो दिवाळीत घेतला नाही तर पुढे घेण्यात स्वारस्य उरत नाही, म्हणून गिऱ्हाईक आज निर्णय घेते. पुस्तकाला अशी मुदत नाही, हे त्याचे साहित्यिक सामर्थ्य असेल. विक्रीच्या दृष्टीने ते दुर्बलताच आहे. जे केव्हाही घेता येते ते पुष्कळदा कधीच घेतले जात नाही. आणि गंमत अशी की, जो लेखक पावसाळाभर आठदहा दिवाळी अंकांना मजकूर पुरविण्यासाठी रात्री जागवतो, त्याला त्याच दिवाळीत स्वत:चे पुस्तक कोणाच्या हाती जाईल याचा विचार करायला एक सकाळही सापडत नाही.

देणारा एक, वाचणारा दुसरा

भेट म्हणून जाणाऱ्या पुस्तकाची गोष्ट मुळातच निराळी असते, कारण त्याचा विकत घेणारा आणि वाचणारा ही दोन वेगळी माणसे असतात. नित्याच्या जाहिरातीत लेखक किंवा प्रकाशक वाचणाऱ्याशी बोलतो. पुस्तक किती सखोल आहे, भाषा किती ओघवती आहे, कोणत्या समीक्षकाने काय म्हटले आहे, हे त्याला सांगतो. भेट देणाऱ्याला यातले काहीच नको असते. त्याची चिंता वेगळी असते. ही वस्तू घेऊन मी ताईकडे गेलो तर तिला आवडेल काय? स्वस्त वाटणार नाही ना? तिच्या घरी ही आधीच असेल तर?

या चिंतेला अर्थशास्त्रातही आधार आहे. ज्योएल वाल्डफोगेल या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९९३ साली 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू' या नियतकालिकात नाताळच्या भेटींवर एक निबंध प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना मिळालेल्या भेटवस्तूंची बाजारातली किंमत किती असावी आणि त्यांच्या स्वत:च्या लेखी त्या वस्तूचे मोल किती, अशी विचारपूस त्याने केली. निष्कर्ष असा निघाला की, भेटीच्या किमतीचा दहावा ते तिसरा हिस्सा मधल्यामधे नाहीसा होतो. शंभराची वस्तू घेणाऱ्याला नव्वद किंवा सदुसष्टच्याच मोलाची वाटते. त्यातही मित्र आणि जिवलग यांच्या भेटींत हा तोटा कमी, आणि दूरच्या, वडीलधाऱ्या नातेवाइकांच्या भेटींत जास्त. कारण उघड आहे. ज्याला घेणाऱ्याची आवड ठाऊक असते त्याची भेट वाया जात नाही. या निबंधाची पुष्कळ चेष्टा झाली. भेटीत जिव्हाळा असतो, तो रुपयांत कसा मोजावा, असा आक्षेप घेण्यात आला, आणि तो गैरलागू नव्हता. तथापि लेखकाने यातून घेण्यासारखी एक गोष्ट आहे. देणाऱ्यापाशी जे ज्ञान नाही ते लेखकाने त्याला पुरवले पाहिजे. आपले पुस्तक कोणाला द्यावे हे लेखकानेच सांगितले पाहिजे.

आणि येथेच बहुतेक लेखक कच खातात. 'हे पुस्तक सर्वांसाठी आहे' असे सांगण्यात त्यांना मोठेपणा वाटतो. सर्वांसाठी असलेली वस्तू कोणाही एकाला देता येत नाही. त्याऐवजी एखाद्या लेखिकेने स्पष्ट म्हणावे की, कोकणातल्या माहेराच्या आठवणींचे हे पुस्तक माहेर सोडून तीस वर्षे झालेल्या बहिणीसाठी आहे. नोकरीच्या दिवसांवर लिहिणाऱ्याने म्हणावे की, यंदा सेवानिवृत्त झालेल्या सहकाऱ्याला हे द्या. किल्ल्यांवर लिहिणाऱ्याने सांगावे की, पहिल्यांदा पाठीवर पिशवी टाकून निघालेल्या पुतण्यासाठी हे आहे. अशी एक ओळ दहा अभिप्रायांचे काम करते, कारण ती वाचताच देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एक माणूस उभे राहते. साने गुरुजींचे 'श्यामची आई' १९३५ साली प्रसिद्ध झाले आणि तेव्हापासून मुलांना बक्षीस व भेट म्हणून ते अव्याहत दिले जात आहे. त्याच्या साहित्यगुणांची चर्चा येथे करण्याचे कारण नाही. ते कोणी कोणाला द्यायचे याविषयी कोणाच्याही मनात कधी संदेह नव्हता, एवढे लक्षात घेतले तरी पुरे.

सगळीच पुस्तके अर्थात या रांगेत बसत नाहीत. पुत्रशोकावरची कविता भाऊबिजेच्या ताटात ठेवता येत नाही आणि दुष्काळाचा अभ्यास फटाक्यांच्या आवाजात कोणी उघडणार नाही. अशा लेखकाने दिवाळीच्या मागे न धावणेच उचित. सणासाठी पुस्तकाचा आशय गोड करू लागणे म्हणजे विक्रीच्या नादात मालच बदलणे होय.

डिकन्सचा धडा

सणाची भेट म्हणून पुस्तक ही कल्पना इंग्लंडमध्ये १८२२ पासून रुजली. रूडोल्फ आकरमान या प्रकाशकाने त्या वर्षी 'फर्गेट मी नॉट' नावाचे वार्षिक काढले. चित्रे, कविता आणि गोष्टी यांचे ते देखणे पुस्तक नाताळ आणि नववर्षाच्या भेटीसाठीच रचलेले होते. त्याचे अनुकरण पुष्कळांनी केले. परंतु लेखकाच्या दृष्टीने अधिक बोधप्रद कथा आहे ती चार्ल्स डिकन्सच्या 'अ ख्रिसमस कॅरल' या पुस्तकाची.

१८४३ च्या शरदात डिकन्सला पैशांची निकड होती. प्रकाशकांशी बेबनाव झालेला, त्यामुळे त्याने छपाईचा खर्च स्वत:च्या अंगावर घेतला आणि नफ्याची जबाबदारीही. सुमारे सहा आठवड्यांत पुस्तक लिहून झाले. ते भेट देण्याजोगे दिसावे म्हणून त्याने कापडी बांधणी, सोनेरी कडा आणि जॉन लीच याची हाताने रंगविलेली चित्रे यांचा आग्रह धरला. आणि सामान्य कुटुंबाला परवडावे म्हणून किंमत मात्र पाच शिलिंगच ठेवली. १९ डिसेंबरला पुस्तक बाजारात आले आणि नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत सहाच्या सहा हजार प्रती संपल्या. कोणत्याही लेखकाला हेवा वाटावा असे हे यश. पण हिशेब झाला तेव्हा हजार पौंडांच्या अपेक्षेने बसलेल्या डिकन्सच्या हाती अवघे दोनशे तीस पौंड आले. रंगीत चित्रांनी आणि बांधणीने नफा खाऊन टाकला होता. पुढे पुस्तकाची चोरटी नक्कल छापणाऱ्यांवर त्याने दावा लावला आणि जिंकलाही. प्रतिवादी दिवाळखोर निघाले आणि सुमारे सातशे पौंडांचा खर्च डिकन्सच्याच माथी बसला.

यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. भेटीचे पुस्तक हातात घेताच देखणे वाटले पाहिजे, हे डिकन्सने बरोबर ओळखले होते. पण देखणेपणाचा खर्च किमतीत बसतो की नाही हे आधी मांडून पाहिले पाहिजे, हे त्याने ओळखले नाही. मराठी लेखक पहिल्या गोष्टीकडे दुर्लक्ष करतो आणि दुसऱ्या गोष्टीत हौसेने फसतो; मुखपृष्ठ कसेबसे, पण आतला कागद परदेशी धाटणीचा जाड, असा प्रकार पुष्कळदा दिसतो. तिसरी गोष्ट डिकन्सने दहा वर्षांनी शिकवली. १८५३ च्या डिसेंबरात बर्मिंगहॅम येथे त्याने या पुस्तकाचे जाहीर वाचन केले, आणि पुढे अशा वाचनांतून त्याने जे मिळवले ते मोठे होते. लेखकाचा आवाज हीदेखील एक मिळकत आहे.

पन्नास रुपये कोठे घालावेत?

आता हिशेब मांडून पाहू. समजा, एका लेखकाने पाचशे प्रतींची आवृत्ती चाळीस हजार रुपये खर्चून काढली आणि किंमत अडीचशे ठेवली. प्रतीमागे खर्च ऐंशी रुपये. विक्रेत्याला चाळीस टक्के वटाव दिला तर लेखकाकडे दीडशे येतात, म्हणजे प्रतीमागे सत्तर सुटतात. आणि घातलेले भांडवल परत येण्यासाठी दोनशे सदुसष्ट प्रती खपाव्या लागतात. लेखकाने स्वत: विकायचे ठरवले की त्याला पहिले सुचते ते सवलत देणे. वीस टक्के सवलत दिली तर दोनशे रुपये हाती येतात, एकशे वीस सुटतात, आणि दोनशे प्रतींत भांडवल मोकळे होते.

तथापि त्या सवलतीचे पन्नास रुपये दुसऱ्या रीतीनेही खर्च करता येतात. पुस्तक पूर्ण किमतीला विकावे आणि पन्नास रुपयांत ते छान कागदात गुंडाळून, वर देणाऱ्याचे नाव घालून, घेणाऱ्याच्या पत्त्यावर पोहोचते करावे. लेखकाच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. एकशे वीसच सुटतात. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने मात्र अंतर मोठे आहे. जो स्वत:साठी घेतो त्याला सवलत हवी असते. जो दुसऱ्यासाठी घेतो त्याला सवलत अडचणीचीच वाटते, कारण भेट आपण स्वस्तात उरकली असे त्याला दिसू द्यायचे नसते. त्याला सोय हवी असते. वेष्टन शोधण्याचे, पत्ता लिहिण्याचे, टपाल कचेरीत रांगेत उभे राहण्याचे काम दुसऱ्याने करावे असे वाटत असते. प्रदर्शनातल्या पन्नास टक्क्यांच्या पाट्यांनी मराठी पुस्तकाची छापील किंमत ही खोटीच असते अशी समजूत पसरवली आहे. निदान दिवाळीत तरी लेखकाने तीत भर घालू नये.

टपालाविषयी दोन शब्द येथेच सांगावे लागतील. छापील पुस्तकांसाठी असलेली स्वस्त नोंदणीकृत बुकपोस्टाची सोय डिसेंबर २०२४ मध्ये एकाएकी बंद झाली, तेव्हा छोट्या प्रकाशकांचा जीव कासावीस झाला होता. मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' ही योजना सुरू झाली. शैक्षणिक, सामाजिक-सांस्कृतिक व धार्मिक पुस्तकांसाठी ती असून तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये आणि पाच किलोपर्यंत शंभर रुपये, वर कर, असा सुरुवातीचा दर होता. दीडशे-पावणेदोनशे पानांचे पुस्तक वेष्टनासह तीनशे ग्रॅमच्या आत बसवता येते. तेव्हा कागदाचा जाडपणा ठरवताना लेखकाने मुद्रकाबरोबर तराजूही डोळ्यांसमोर ठेवावा. हे टपाल जमिनीवरून जाते व सावकाश जाते, हेही ध्यानात असावे.

आणि स्वाक्षरी. 'सप्रेम भेट' या दोन शब्दांची लेखकाने चालवलेली उधळपट्टी थांबवून तेच शब्द त्याला विकता येतील, असे म्हटले तर काहींना ते ओंगळ वाटेल. प्रत्यक्षात ते फार सोज्ज्वळ आहे. भावाने पुस्तक विकत घ्यावे, बहिणीचे नाव सांगावे, आणि लेखकाने पहिल्या पानावर 'चि. सौ. अमुक हिला भाऊबिजेनिमित्त दादाकडून' असे लिहून खाली स्वत:ची सही करावी. लेखकाला यात शाईपलीकडे खर्च नाही. मिठाईच्या डब्यावर हलवाई असे काही लिहून देऊ शकत नाही. पुस्तकाला बाजारातल्या इतर सर्व भेटींहून वेगळे करणारी अशी ही एकच गोष्ट आहे. भाऊबिजेच्या पाकिटात आज जेवढी रक्कम सहज घातली जाते तेवढ्यात असे पुस्तक येते. बहिणीने पाकीट उघडून रक्कम मोजायची आणि दुसऱ्या दिवशी ती घरखर्चात मिसळून जायची, या रिवाजात ओवाळणीची आठवण राहतच नाही. पाडव्याच्या ओवाळणीलाही हेच लागू आहे. फक्त तेथे सोन्याशी स्पर्धा आहे, आणि तीत पुस्तकाने न उतरणेच शहाणपणाचे.

वीस दिवसांचा हिशेब

मराठी घरात दसऱ्याला पाटी-पुस्तकावर सरस्वती काढून पूजा होते आणि त्यानंतर वीस दिवसांनी लक्ष्मीपूजनाला जमाखर्चाच्या वह्या पूजल्या जातात. दिवाळीत ज्या पुस्तकाला हळदकुंकू लागते ते हिशेबाचे पुस्तक. लेखकाला विक्रीसाठी काळ मिळतो तो याच दोन पूजांच्या मधला. त्याआधी लोकांचे भेटींकडे लक्ष नसते आणि त्यानंतर टपाल वेळेवर पोहोचत नाही.

वीस दिवसांची ही विक्री साधायची तर तयारी मात्र जूनपासून हवी. श्रावण-भाद्रपदात छापखाने दिवाळी अंकांच्या कामात गढलेले असतात. त्या वेळी आपले हस्तलिखित घेऊन जाणाऱ्याला मुद्रक एक तर नाही म्हणतो किंवा हो म्हणून रखडवतो. आणि दिवाळी झाल्यावर हाती पडणारे दिवाळीच्या भेटीचे पुस्तक याइतकी केविलवाणी वस्तू नाही. पुस्तक गणपतीपूर्वी छापून, बांधून घरात आलेले असावे. ऑगस्टमध्ये आणखी एक काम करता येते. शिक्षकांच्या, कचेरीतल्या कर्मचाऱ्यांच्या पतसंस्था सभासदांना दिवाळीची भेट देतात. ती बहुधा स्टीलचा डबा किंवा मिठाई असते, आणि तिचा निर्णय संचालक मंडळाच्या बैठकीत बराच आधी होतो. दसऱ्याला जाऊन उपयोग नाही. एक नमुना प्रत, घाऊक खरेदीचा नेमका दर आणि पोहोचवण्याची तारीख लिहिलेले साधे पत्र वेळीच गेले तर दहांपैकी एखादी संस्था तरी विचार करील. एका संस्थेची दोनशे प्रतींची मागणी म्हणजे वरच्या उदाहरणातली जवळजवळ अर्धी आवृत्ती. सभासद शिक्षक असतील आणि त्यांना स्टीलचा सातवा डबा मिळत असेल, तर या पत्राला काही जोर येईल असे मानायला हरकत नाही.

१५ ऑक्टोबर हा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिन महाराष्ट्रात २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळला जातो आणि दिवाळी बहुधा त्याच्या आगेमागेच येते. शाळा-महाविद्यालयांना त्या दिवशी वक्ता हवा असतो. लेखकाने जावे, आपल्या पुस्तकातली दहा पाने नीट वाचावीत, मानधनाऐवजी दारात एक टेबल मागून घ्यावे. भाषण देण्यापेक्षा वाचून दाखवणे केव्हाही चांगले. भाषणात लेखक स्वत:ची तारीफ करू लागण्याचा धोका असतो.

विक्रीच्या जागेचा प्रश्न याहून बिकट आहे. तालुक्याच्या पुष्कळ गावांत क्रमिक पुस्तकांखेरीज पुस्तकाचे दुकानच नाही. पण दिवाळीत तेथेही माणसे एका जागी गोळा होतात. महिला मंडळांच्या फराळाच्या विक्रीकेंद्रांत, ग्राहक पेठेत, बचत गटांच्या प्रदर्शनांत जी माणसे येतात ती भेटीसाठीच येतात. चकली आणि उटणे यांच्या शेजारी कादंबरी ठेवण्यात सरस्वतीचा अवमान होतो असे ज्याला वाटते त्याने घरी बसावे. पुण्या-मुंबईहून परदेशी मुलांना फराळाची पार्सले सप्टेंबरपासूनच निघू लागतात. एक किलो चिवड्याबरोबर दोनशे ग्रॅमचे पुस्तक गेले तर भाड्यात फार फरक पडत नाही. नातवाला मराठी वाचता यावे असे वाटणारी आजी ते पुस्तक आनंदाने घेईल. मात्र ते चिवड्याच्या दुकानात, पार्सल बांधणाऱ्या माणसाच्या हाताशी असले पाहिजे. दुकानदाराला वटाव द्यावा लागेल. तो पुस्तकविक्रेत्याला देतो तेवढाच, कुरकुर न करता द्यावा.

एकट्याचे काम नव्हे

हे सर्व एका लेखकाने करावे म्हटले तर त्याचे लिहिणेच बंद पडेल, हा आक्षेप मात्र गंभीर आहे. ज्या देशांत पुस्तक ही सणाची भेट झाली तेथे ती कोणा एका लेखकाच्या धडपडीने झालेली नाही. आइसलँडची लोकसंख्या चार लाखांच्या आत. दुसऱ्या महायुद्धात तेथे आयात मालावर निर्बंध होते, कागद मात्र त्यामानाने सहज मिळे. त्यामुळे भेट द्यायला पुस्तकच बरे अशी वेळ आली. १९४४ पासून तेथील ग्रंथव्यावसायिकांच्या संघटनेने नव्या पुस्तकांची यादी छापून ती घरोघर पोहोचवायला सुरुवात केली. नाताळच्या आदल्या संध्याकाळी पुस्तके द्यायची आणि रात्री वाचत पडायचे, ही रीत त्यातून पक्की झाली. कॅटलोनियात सेंट जॉर्जच्या दिवशी, २३ एप्रिलला, गुलाब आणि पुस्तक यांची देवघेव होते. स्पेनमधला ग्रंथदिन व्हिसेंत क्लावेल या प्रकाशकाच्या पुढाकाराने १९२६ मध्ये सुरू झाला तो ऑक्टोबरातल्या एका दिवशी. १९३० मध्ये तो २३ एप्रिलला नेण्यात आला, म्हणजे आधीच रूढ असलेल्या सणाला नेऊन बांधला. बार्सिलोनाच्या रस्त्यांवर त्या दिवशी लेखक दिवसभर टेबलांमागे बसून सह्या करतात. १९९५ मध्ये युनेस्कोने हाच दिवस जागतिक ग्रंथदिन म्हणून घेतला.

महाराष्ट्रालाही हे अगदी अपरिचित नाही. 'ग्रंथाली'ने सत्तरच्या दशकात वाचकांनाच सभासद करून घेऊन प्रकाशनाचा वेगळा मार्ग काढला. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली त्याच मार्गाने वाचकांपुढे आले. प्रकाशनपूर्व सवलतीच्या योजना मराठी वाचकाच्या अंगवळणी पडलेल्याच होत्या. मग एका जिल्ह्यातल्या बारापंधरा लेखकांनी मिळून आठ पानांची यादी का छापू नये? प्रत्येक पुस्तकाला चार ओळी; त्यांत ते कोणाला द्यावे, किंमत किती, आणि मागणी कोठे नोंदवावी एवढेच. दसऱ्याच्या आदल्या दिवशी वर्तमानपत्राच्या घडीतून ती घरोघर जावी. खर्च पंधरांत वाटला गेला तर तो, आज लेखक फुकट वाटतो त्या प्रतींच्या खर्चापेक्षा फार नसेल. अडचण पैशाची नाहीच. यादीत पहिले नाव कोणाचे, यावरच बैठक मोडण्याची भीती अधिक. त्यावर नावे अकारविल्हे छापणे हाच उपाय दिसतो.

आइसलँडच्या रीतीचा एक तोटाही सांगितला पाहिजे. तेथे वर्षभरातली बहुतेक नवी पुस्तके शरदातल्या दोनतीन महिन्यांत एकदम येतात, आणि त्या पुरात पुष्कळ चांगली पुस्तके वाहून जातात. मराठीत दिवाळी अंकांचे तसे होतेच. शेकडो अंकांतली उत्तम कथा सापडायला वाचकाला होळी उजाडते. सर्व मराठी पुस्तके दिवाळीवर येऊन आदळावीत असे कोणी सुचवणार नाही. ज्यांच्या अंगात भेट होण्याचा गुण आहे तेवढ्यांनीच यावे, आणि त्यांतही मागच्या दोनतीन वर्षांत निघालेल्या व पलंगाखाली पडलेल्या पुस्तकांना आधी संधी मिळावी, हे बरे. भेटीच्या पुस्तकाला नवेपणाची अट नसते. घेणाऱ्याने ते पाहिलेले नसले की झाले.

दिवाळीत जी पुस्तके उरतील ती पुन्हा गठ्ठ्यात बांधण्याचे कारण नाही. तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई सुरू होते, डिसेंबरात महाविद्यालयांची स्नेहसंमेलने व पारितोषिक वितरणे असतात, आणि मार्चअखेरीपासून मेपर्यंत कचेऱ्यांत निरोपसमारंभ चालतात. तेथे हार-तुऱ्यांवर होणारा खर्च एका पुस्तकाच्या किमतीपेक्षा कमी नसतो. दिवाळीच्या यादीतली 'कोणाला द्यावे' ही ओळ तेवढी प्रत्येक वेळी नव्याने लिहावी लागेल. आणि फुकट प्रत मागायला आलेल्या स्नेह्याच्या हातीही ती यादी, किमतीच्या रकान्यासह, ठेवता येईल.